गाठ : साधी आणि मारक
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



एखाद्या माउलीच्या हाताला स्नानाच्या वेळी गाठ लागते. ती दुखत नाही, म्हणून माउली कोणास काही सांगत नाही. पर्युषण येते, दिवाळी जाते, मुलीचे लग्न पार पडते. गाठ मात्र वाढत राहते. दुसऱ्या एखाद्या घरी ‘गाठ’ हा शब्द कानी पडताच साऱ्यांचे अवसान गळते आणि तपासणीअंती ती चरबीची साधी गाठ निघते. मौन आणि भय ही दोन्ही अज्ञानाचीच अपत्ये होत. आत्मा आणि देह यांतील भेद जाणणे, यास जैन शास्त्रात भेदविज्ञान म्हटले आहे. देहाच्या व्यवहारातही भेद जाणल्यावाचून योग्य आचरण घडत नाही.

शरीरातील पेशी शिस्तीने वाढतात. जखम भरून आली की त्यांची वाढ थांबते. पेशीतील जनुकांत बिघाड होऊन हा संयम सुटला, की गरज नसतानाही पेशी वाढत राहतात. अशा वाढीस अर्बुद किंवा ट्यूमर म्हणतात. अर्थात प्रत्येक गाठ म्हणजे अर्बुद नव्हे. गळू असू शकते, पाण्याची पिशवी असू शकते, मानेतील गाठ क्षयाचीही असू शकते. सुश्रुतसंहितेतही ‘ग्रंथी’ आणि ‘अर्बुद’ यांचे वर्णन वेगवेगळे केलेले आढळते.

अर्बुदाचे मुख्य प्रकार दोन. साधे अर्बुद बहुधा सावकाश वाढते. ते शेजारच्या भागास बाजूस सारते, त्यात शिरत नाही; दूरच्या अवयवांत जात नाही. पूर्णपणे काढल्यावर ते सहसा पुन्हा उद्भवत नाही. चरबीची गाठ अर्थात लायपोमा, तरुण स्त्रियांच्या स्तनात आढळणारा फायब्रोअॅडिनोमा, गर्भाशयातील फायब्रॉइड ही त्याची परिचित उदाहरणे. परंतु ‘साधे’ म्हणजे सर्वस्वी निरुपद्रवी नव्हे. कवटीच्या बंद पेटीत वाढणारे साधे अर्बुदही मेंदूवर दाब आणते. फायब्रॉइडच्या अतिरक्तस्रावाने रक्तक्षय होतो. आणि मोठ्या आतड्यातील काही साध्या गाठी कालांतराने मारक बनू शकतात.

मारक अर्बुद म्हणजेच कर्करोग. त्याच्या पेशी शेजारच्या भागात घुसतात आणि रक्ताच्या वा लसिकेच्या प्रवाहातून दूरच्या अवयवांत जाऊन रुजतात. स्तनाचा कर्करोग हाडात पोहोचला, तरी तो हाडाचा कर्करोग ठरत नाही. तो स्तनाचाच राहतो आणि उपचारही त्याच दिशेने होतात.

अहवालातील नावे याच विचाराने पडली आहेत. त्वचा, अवयवांचे अस्तर वा ग्रंथी यांतून उद्भवणारा तो कार्सिनोमा. हाड, स्नायू, चरबी यांतून उद्भवणारा तो सार्कोमा. लायपोमा साधा, तर लायपोसार्कोमा मारक. मात्र केवळ नावाच्या शेवटावर विसंबू नये. लिम्फोमा आणि मेलॅनोमा ही नावे सौम्य भासतात, पण हे रोग मारक आहेत. रक्ताच्या कर्करोगात तर बहुधा गाठच दिसत नाही. पेशी मूळ रूपापासून किती बदलल्या, हे ‘ग्रेड’ सांगते. रोग किती पसरला, हे ‘स्टेज’ सांगते.

हा भेद बोटांनी चाचपून किंवा दुखण्यावरून निश्चित होत नाही. आरंभीचा कर्करोग अनेकदा दुखतच नाही. निर्णय होतो तो गाठीच्या तुकड्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून. मुंबईत 1941 मध्ये सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी या शास्त्राचा भक्कम पाया घातला. ‘सुई लावली की रोग पसरतो’ या समजुतीने आजही कित्येकजण तपासणी टाळतात. योग्य रीतीने केलेल्या तपासणीने रोग पसरण्याची शक्यता अत्यल्प असते. विलंबाने होणारी हानी मात्र फार मोठी असते.

आणखी एक गोष्ट. तंबाखू आणि मशेरी यांचा धोका सर्वश्रुत आहे; पण जेवणानंतर तबकात येणारी सुपारी निर्दोष मानली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नुसत्या सुपारीचाही कर्करोगकारक पदार्थांत समावेश केला आहे. तोंड पूर्ण उघडेनासे होणे, न जाणारा पांढरा वा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारा व्रण ही वेळीच दिलेली सूचना समजावी. स्तनातील नवी गाठ, रजोनिवृत्तीनंतरचा रक्तस्राव, अकारण घटणारे वजन यांचीही तत्काळ तपासणी करावी.

‘हा असाता वेदनीय कर्माचा उदय, तो भोगलाच पाहिजे’ असे म्हणून कोणी घरी बसतो. कोणी उपवासाने गाठ विरेल अशी आशा धरतो. तप आत्मशुद्धीसाठी आहे, गाठीच्या निदानासाठी नव्हे. आणि उपचार धर्मविरोधी असते, तर शास्त्राने चार दानांत औषधदानाला स्थान दिले नसते. घरातील माउलीला विश्वासात घेऊन वेळेवर डॉक्टरांकडे नेणे, यात ज्ञानदानही आहे आणि अभयदानही. सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक घराने एवढा एक नियम घ्यावा : गाठ लपवायची नाही, तपासून घ्यायची.

जय जिनेंद्र!