हरण्याचा सराव



मतदानाचं वय एकविसावरून अठरावर आलं ते १९८९ साली. त्याच वर्षी मुंबईत कॉलेज निवडणुकीच्या धामधुमीत ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला. पुढे १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने राज्यातल्या थेट विद्यार्थी निवडणुका बंदच केल्या आणि परीक्षेतल्या गुणांवरून प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. वर्गात पहिली आलेली मुलगी वर्गप्रतिनिधी, म्हणजे सीआर, झाली. तिला ते काम हवं होतं का, वर्गाला ती हवी होती का, हे कुणी विचारलंच नाही.

मुलांना राजकीय मतं नाहीत, असं मात्र समजू नका. मुलुंड-घाटकोपरच्या कट्ट्यांवर बसून बघा. २०२२ साली शिवसेना फुटली, तेव्हा एकाच मंडळात लहानाची मोठी झालेली पोरं एकमेकांना टाळू लागली. त्यातला एक मला म्हणाला, "सर, आमचं फाटलं ते एका स्टेटसवरून. समोरासमोर राजकारणावर आम्ही कधी बोललोच नव्हतो."

हे वाक्य मला फार लागलं. निवडणुकीला उभं राहायचं तर आपल्याला न मानणाऱ्याकडेही मत मागायला जावं लागतं. मागच्या बाकावरच्यांना वाचनालयाची वेळ वाढवून देईन म्हणावं लागतं आणि 'कशी?' या प्रश्नाला उत्तरही द्यावं लागतं. शिवाय हरलं तरी दुसऱ्या दिवशी जिंकलेल्याच्या शेजारी बसून लेक्चर ऐकायचं असतं. हा सराव वीस वर्षांच्या मुलाला मिळाला नाही, तर चाळिशीत तो कुठून येणार?

निवडणुकीत मारामारी होईल ही भीती खोटी नाही. पालकांची तर मुळीच नाही. पण त्यावर विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीने २००६ मध्येच नियम सुचवले होते: खर्च पाच हजारांच्या आत, छापील पोस्टर नाही, हाताने रंगवलेलंच चालेल. सर्वोच्च न्यायालयाने ते मान्यही केले. आपल्या राज्याच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने निवडणुकांचं दार पुन्हा उघडलं, २०१९ मध्ये घोषणाही झाली, आणि मग त्या पुढे ढकलल्या गेल्या.

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंतच्या प्राचार्यांना माझी विनंती आहे. निदान सीआर तरी यंदा मतपेटी ठेवून निवडू द्या. उमेदवारांना वर्गासमोर दहा-दहा मिनिटं बोलू द्या, प्रश्न विचारू द्या, आणि मतमोजणी सगळ्यांच्या देखत फळ्यावर करा.