अपूर्ण सिनेमा, चार कॉप्या आणि आजोबांची कॅसेट

हा एपिसोड तुम्ही बदलापूर लोकलमध्ये ऐकत असाल तर बहुतेक उभ्यानेच ऐकत असणार. असू द्या, आजचा विषय तसा उभ्याउभ्या ऐकण्यासारखाच आहे.

सुरुवात घरच्या एका भांडणापासून करतो. भांडण माझं आणि ताईचं, विषय आजोबांची कॅसेट. आजोबा अंबरनाथच्या चाळीत राहायचे तेव्हाची ही कॅसेट, म्हणजे नव्वदच्या दशकातली. आम्हा नातवंडांना ते गोष्ट सांगतायत आणि कोणीतरी टेपरेकॉर्डर चालू ठेवलाय. आजोबा जाऊन आता नऊ वर्षं झाली. मी उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये एका दुकानातून जुना टेपरेकॉर्डर शोधून आणला, कॅसेट लॅपटॉपवर उतरवली, खरखर साफ केली. सगळं झकास. फक्त एक अडचण. गोष्ट ऐन रंगात आलीय, गावाकडची पावसाळी रात्र, दिवा विझलाय, आजोबा म्हणतात, "तेवढ्यात दारावर थाप पडली..." आणि खट! कॅसेटची बाजू संपली. दुसऱ्या बाजूला सिनेमाची गाणी.

ताई म्हणाली, "अरे, तू इंजिनिअर ना? आता एआय आहे. आजोबांच्याच आवाजात शेवट बनव. आजीच्या ऐंशीव्या वाढदिवसाला ऐकवू."

हे करावं की नाही, यावरून आमचं वाजलं. आणि त्या भांडणात मला सारखा एक सिनेमा आठवत होता. आज त्याच्याबद्दल बोलू.

सिनेमाचं नाव 'द थीफ अँड द कॉबलर', म्हणजे चोर आणि चांभार. अ‍ॅनिमेशनपट. बनवणारा रिचर्ड विल्यम्स, जन्म कॅनडातला, स्टुडिओ लंडनमध्ये. 'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट' हा १९८८चा सिनेमा तुम्ही पाहिला असेल, ज्यात खरी माणसं आणि कार्टून एकत्र वावरतात. त्याचं अ‍ॅनिमेशन ह्याच माणसाने सांभाळलं आणि त्यासाठी ऑस्कर मिळवलं. पण त्याचा जीव अडकला होता दुसऱ्याच सिनेमात. १९६४च्या सुमारास काम सुरू झालं. सुरुवात मुल्ला नसरुद्दीनच्या गोष्टींवरून होती. हो, आपण लहानपणी वाचलेला तोच नसरुद्दीन. पुढे हक्कांवरून वाद झाला, नसरुद्दीन गेला आणि उरली नवीन गोष्ट: एक सोन्याचं शहर, त्याच्या मिनारावर तीन सोन्याचे गोळे, एक गरीब चांभार, एक राजकन्या, एक कपटी वजीर आणि त्या गोळ्यांवर डोळा ठेवून बसलेला एक चोर.

आता हे काम किती किचकट होतं बघा. सिनेमात एका सेकंदाला २४ फ्रेम असतात. बहुतेक कार्टूनमध्ये एक चित्र दोन फ्रेम चालवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रांत भागतं. विल्यम्सचा हट्ट असा की बराचसा सिनेमा २४ चित्रांनीच करायचा. एका मिनिटाला १४४० चित्रं, तीही एकाच पात्राची, आणि सगळी हाताने काढलेली. कॉम्प्युटर नाही. पैसे कुठून? तो जाहिराती करायचा, त्यातून येईल ते इथे ओतायचा. अशी जवळपास २५ वर्षं गेली.

रॉजर रॅबिट गाजल्यावर वॉर्नर ब्रदर्सचा पाठिंबा मिळाला. पण मोठ्या पैशासोबत एक कागद येतो, कम्प्लिशन बाँड. सोप्या भाषेत, 'सिनेमा वेळेत पूर्ण होईल' याचा विमा. वेळ टळली की विमा कंपनी सिनेमा ताब्यात घेऊ शकते. आणि वेळ टळली. मे १९९२मध्ये सिनेमा विल्यम्सच्या हातातून काढून घेतला गेला. साधारण पंधरा मिनिटांचं काम तेवढं बाकी होतं.

आमच्या क्षेत्रातल्या लोकांना हे ऐकून पोटात गोळा येईल. नव्वद टक्के झालेलं काम, आणि तुमचा अ‍ॅक्सेसच बंद.

पुढे काय झालं? बाँड कंपनीने फ्रेड कॅल्व्हर्ट या निर्मात्याकडे काम दिलं. त्याने ते कमी वेळात, कमी खर्चात पूर्ण केलं, गाणी घातली आणि १९९३मध्ये 'द प्रिन्सेस अँड द कॉबलर' नावाने सिनेमा ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत लागला. मग मिरामॅक्सने त्यावर आणखी कात्री चालवली आणि १९९५मध्ये 'अरेबियन नाइट' म्हणून अमेरिकेत आणला. दरम्यान १९९२च्या नोव्हेंबरात डिस्नेचा 'अलाद्दिन' येऊन गेला होता. वाळवंटातलं शहर, कपटी वजीर, राजकन्या, सगळं तिथेही. त्यामुळे १९९५मध्ये लोकांना वाटलं की हीच नक्कल आहे. कमाल म्हणजे मिरामॅक्स तेव्हा डिस्नेच्याच मालकीची होती.

आता तुलना करू. सगळ्यात मोठा बदल आवाजाचा. विल्यम्सच्या सिनेमात चांभार जवळजवळ मुका आहे, पार शेवटी एकदा तोंड उघडतो. चोर तर बोलतच नाही. दोघंही फक्त हालचालींनी हसवतात, चॅप्लिनसारखे. १९९५च्या कॉपीत चांभार स्वतःच गोष्ट सांगतो आणि चोराच्या डोक्यात सतत बडबड चालू असते. पडद्यावर चोर पडतोय, आणि आवाज सांगतोय की बघा, मी पडलो. आपल्याला दिसतंय ना बाबा!

दुसरा बदल युद्धाचा. शत्रूचं एक अजस्र लाकडी यंत्र आहे, चाकांवर चाकं, त्यावर माणसं. ते कोसळायला लागतं, एक भाग दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर, आणि या सगळ्यातून तो चोर सोन्याच्या गोळ्यांमागे निवांत चाललाय. आजूबाजूला काय चाललंय याचा त्याला पत्ता नाही. हा प्रसंग अंगावर येतो तो त्याच्या लांबीमुळे. संपला वाटतं तरी संपत नाही. स्टुडिओच्या कापाकापीत तो आखूड झाला. चित्रं तीच, पण दम गेला.

पण एक गोष्ट मान्य करू. स्टुडिओवाले सगळे खलनायक नव्हते. पैसे अडकलेले, मुदत उलटलेली. विल्यम्सनेही २८ वर्षं घेतली होती आणि मुदत पाळली नव्हती. आपल्या ऑफिसात असा सहकारी असता तर मॅनेजरच्या आधी आपणच वैतागलो असतो.

आता येतो तिसरी कॉपी बनवणारा, चाहता. गॅरेट गिलख्रिस्ट नावाचा अमेरिकन तरुण. विल्यम्सच्या अर्धवट कॉपीची, म्हणजे वर्कप्रिंटची, धूसर व्हिडिओ कॅसेट हौशी लोकांत हातोहात फिरत होती. गिलख्रिस्टने ती घेतली, डीव्हीडीवरचे स्वच्छ तुकडे घेतले आणि दोन्ही जुळवून २००६मध्ये 'रिकॉबल्ड कट' काढला. कॉबलरचा सिनेमा, म्हणून पुन्हा शिवलेला! पुढे सुधारत सुधारत २०१३पर्यंत 'मार्क ४' आली. आपल्या भाषेत सांगायचं तर व्हर्जन चार. सिनेमाचे हक्क त्याच्याकडे नव्हते. त्याने तो विकलाही नाही.

हा कट बघताना आधी त्रास होतो. एक दृश्य चकचकीत, पुढचं व्हीएचएससारखं पुसट, मग अचानक रंगच गायब आणि नुसत्या पेन्सिलच्या रेघा. काही ठिकाणी तर स्थिर चित्रं. सांधे सगळे उघडे. गिलख्रिस्टनेही काही फटी बुजवायला कॅल्व्हर्टचे तुकडे वापरलेत, म्हणजे हा काही सोवळ्यातला अवतार नाही. पण वीस मिनिटांत डोळ्यांना सवय होते. पेन्सिलचं दृश्य आलं की मेंदू स्वतःच रंग भरतो. आणि मुख्य म्हणजे आपल्याला कळत राहतं की इथपर्यंत काम झालं होतं आणि इथून पुढे होऊ दिलं नाही.

आपलं अंबरनाथचं शिवमंदिर आठवा. शिलाहारांच्या काळातलं, शिलालेखाप्रमाणे १०६०चं. त्याच्या शिखराचा वरचा भाग आज शाबूत नाही, तरी तिथे कोणी सिमेंटचं नवं शिखर चढवलेलं नाही. खालून बघताना उरलेलं शिखर आपण नजरेनेच पुरं करतो.

त्या कटमुळे अजून एक गोष्ट झाली. फटी दिसत होत्या, म्हणून लोक पुढे आले. मूळ सिनेमावर काम केलेल्या काही मंडळींनी जपून ठेवलेली फिल्म, चित्रं गिलख्रिस्टकडे दिली. व्हर्जन सुधारत गेलं ते त्यामुळे. स्टुडिओची कॉपी पाहून कोण कशाला काही आणून देईल? ती तर 'पूर्ण' होती.

आणि स्वतः विल्यम्स? कित्येक वर्षं तो या सिनेमाबद्दल बोलायचंच टाळायचा. डिसेंबर २०१३मध्ये लॉस एंजेलिसला ऑस्करच्या अकादमीने त्याच्या उपस्थितीत सिनेमा दाखवला. त्याने कुठली कॉपी दाखवली? मे १९९२ची वर्कप्रिंट. जशी होती तशी, फटींसकट, 'अ मोमेंट इन टाइम' असं उपशीर्षक लावून. उरलेली पंधरा मिनिटं त्याने कोणाकडून भरून घेतली नाहीत. २०१९मध्ये तो गेला.

आपल्याकडचंही एक उदाहरण सांगतो. यूगो साको यांचा रामायणावरचा जपानी अ‍ॅनिमेशनपट, ज्याच्या दिग्दर्शनात आपल्या मुंबईचे राम मोहन होते. तो अपूर्ण नव्हता. पण जानेवारी २०२५मध्ये तो फोर-के करून थिएटरात आला, चित्र लखलखीत, आणि आवाज मात्र नव्याने डब केलेले. टीव्हीवर अरुण गोविल, अमरीश पुरींच्या आवाजात तो पाहिलेले लोक हळहळले. चित्र स्वच्छ करणं वेगळं आणि माणसाचा आवाज बदलणं वेगळं.

तर, कॅसेट. खरं सांगतो, मी एआयवाला शेवट बनवला. ताईने लिहून दिला: दारात चोर असतो, आजोबा काठी घेऊन उठतात वगैरे. तासाभरात ऑडिओ तयार. आणि तो वाईट असता तर प्रश्नच नव्हता. तो इतका चांगला होता की सांधा मलाच सापडेना. दहा वर्षांनी माझ्या भाचीला तर नक्कीच सापडला नसता. आजोबांनी कधी न म्हटलेली वाक्यं कायमची आजोबांची झाली असती. फाइल डिलीट केली. ताई दोन दिवस बोलली नाही.

शेवटी तोडगा निघाला. थाप पडते, टेप संपते, ती 'खट' मी काढली नाही, आणि मग ताईच्या स्वतःच्या आवाजात एक वाक्य: "इथे कॅसेट संपली." बस.

वाढदिवसाला ऐकवलं. 'खट' झालं, ताईचं वाक्य झालं, सगळे गप्प. आणि आजी म्हणाली, "अगं, थाप माझ्या भावाने मारली होती. एवढ्या पावसात चिखल तुडवत आला, उसनी नेलेली छत्री परत द्यायला. स्वतः ओलाचिंब आणि छत्री काखेत, कोरडी!"

आम्ही दारात चोर उभा केला होता. आला होता छत्रीवाला मामा.

मी लगेच फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं. आता ते कॅसेटच्या मागे जोडलंय, आजीच्या आवाजात, वेगळं कळेल असं.

तुमच्या घरी अशी एखादी कॅसेट, अर्धी वही, अर्धा व्हिडिओ असेल तर साफ करा, जपा. फट असेल तिथे फट ठेवा आणि घरातल्या जुन्या माणसाला ऐकवून बघा. काय बाहेर आलं ते मला जरूर कळवा.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत काळजी घ्या, आणि छत्री उसनी नेली असेल तर परत द्या!