पदवीदान आणि आपले कर्तव्य



महर्षी कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले. त्यास कायद्याचे अधिष्ठान लाभण्यास १९५१ साल उजाडले; तोवर समाजाच्या वर्गणीने व देणग्यांनीच ते तगले.

आम्ही मात्र शिक्षक असूनही लोकापवादाच्या भयाने आमच्या कन्येस नागपूरच्या वसतिगृहात धाडले नाही. यंदा एका खासगी विद्यापीठात नातीच्या पदवीदान समारंभास आम्ही उपस्थित होतो. नातीने झगा परिधान करून पदवी स्वीकारली. तिची आई मात्र तेथील ग्रंथालय, वसतिगृह पुनःपुन्हा न्याहाळीत राहिली. तिचे अश्रू केवळ आनंदाचे नव्हते, हे आम्ही जाणतो.

धानाच्या बांधीत राबणाऱ्या आपल्या भंडाऱ्यातील एकाही कन्येवर अशी वेळ न यावी, यास्तव मंडळाने वसतिगृह-निधी उभारावा. पहिली वर्गणी आमची.