अंगणातला शिंजीर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदाच्या वर्धापनदिनी मी चार शब्द बोलावेत असा कार्यवाह बाईंचा निरोप आला, तेव्हा मी आधी नकारच कळवला. व्याख्यान देणे हे काही माझे काम नव्हे. पण त्या घरी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या त्या पाखरांविषयीच सांगा की!" आता पाखरांचे नाव काढल्यावर मला नाही म्हणवेना. विषय लहानसा आहे. पण त्यात माझी एक चूक आहे, आणि ती आपल्यापैकी दुसऱ्या कोणाकडून होऊ नये, एवढ्यासाठी मी उभी आहे.

चार वर्षांपूर्वी लेकीच्या बाळंतपणासाठी मी अमेरिकेत न्यू जर्सीला गेले होते. लेक आणि जावई सकाळीच कामाला लागत. बाळ निजले की मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसे. त्या खिडकीबाहेर लेकीने तांबड्या झाकणाची एक काचेची बाटली उलटी टांगली होती. तिच्यात साखरेचे पाणी. मला वाटले, मुंग्यांना आमंत्रण कशाला? तेवढ्यात भुंगा यावा तसा घूं घूं आवाज झाला आणि अंगठ्याएवढे एक पाखरू बाटलीपुढे अधांतरी उभे राहिले. होय, उभेच! फांदी नाही, आधार नाही. लांब चोच बाटलीत घातली, पाणी प्यायले, मागल्या मागे सरकले आणि दिसेनासे झाले.

त्याचे नाव हमिंगबर्ड, म्हणजे गुणगुणणारा पक्षी. पंखांच्या आवाजावरून हे नाव पडले. तिकडे येणाऱ्या जातीतल्या नराचा गळा माणकासारखा तांबडा असतो. वजन म्हणाल तर पाव तोळ्याच्या आसपास! सेकंदाला पन्नासएक वेळा पंख हलवतो, म्हणून त्याला एका जागी तरंगता येते. आणि एवढासा जीव थंडीच्या आधी मेक्सिकोकडे निघून जातो. त्यांतले कित्येक तर वाटेतला आठशे किलोमीटरचा समुद्र कोठे न टेकता ओलांडतात. तिकडे घरोघरी बायका त्याच्यासाठी बाटल्या टांगतात. प्रमाणही ठरलेले आहे. एक वाटी पांढरी साखर, चार वाट्या पाणी. रंग घालायचा नाही, मध घालायचा नाही, आणि बाटली दोन-तीन दिवसांनी धुवायची. उन्हाळा कडक असेल तर रोज.

परत येताना लेकीने तसलीच एक बाटली माझ्या सामानात बांधून दिली. मीही हौसेने आणली. आता बाळापुरात हमिंगबर्ड कोठून यायचा? तो फक्त अमेरिका खंडात असतो; आशियात, युरोपात, आफ्रिकेत तो नाही. हे मला ठाऊक होते. पण आपल्याकडे त्याच्यासारखेच मध पिणारे एक पाखरू आहे, हेही ठाऊक होते.

तो आपला शिंजीर. सूर्यपक्षीही म्हणतात. आपल्यातल्या पुष्कळजणी त्याला फुलचुखी म्हणतात, पण फुलचुखी निराळी. तिची चोच आखूड असते. शिंजिराची चोच बारीक, लांब आणि दाभणासारखी वाकडी. चिमणीहून लहान, पाऊण तोळा भरेल न भरेल. नर सावलीत काळा दिसतो आणि उन्हात आला की जांभळा-निळा झळकतो, जशी आपली जांभळी पैठणी दिव्याखाली झळकावी. मादी साधी, पाठीवर मातकट हिरवी आणि पोटाशी पिवळसर. गंमत अशी की विणीचा हंगाम सरला की नरही आपला शालू पेटीत ठेवतो आणि मादीसारखा साधा होतो. फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ राहते, तीवरून ओळखायचा. पोरांच्या स्कूटरच्या आरशावर चोची मारणारे पाखरू आपण पाहिले असेल. तो हाच. आरशात दुसरा नर आला असे समजून भांडत असतो बिचारा.

हमिंगबर्ड आणि शिंजीर यांचे नाते मात्र काही नाही. दोन निरनिराळ्या मुलखांत दोघांनी फुलातला मध हेच अन्न पत्करले, म्हणून दोघांच्या चोची सारख्या झाल्या. शिंजिराला क्षणभर तरंगता येते, पण त्याला फांदीवर बसून पिणेच आवडते.

तर मी बाटली मागच्या अंगणात टांगली. प्रमाणात साखर घातली, रोज धुतली. पहिल्या दिवशी मुंग्या आल्या, दुसऱ्या दिवशी गांधीलमाशा आल्या. शिंजीर काही आला नाही. महिना झाला, संक्रांत झाली, तरी नाही. शेजारच्या आजी भिंतीवरून रोज पाहत. एक दिवस त्या म्हणाल्या, "काहून वं बाई, पाखराले सरबत पाजून राह्यली काय? जास्वंद होती तवा पाखरं येत होती. जास्वंद तोडली तूनं, आता बाटली पाहाले कोण येईल?"

भगिनींनो, मी गप्प झाले. खरेच होते ते. मुलाच्या लग्नात मांडवाला जागा हवी म्हणून मी मागचे अंगण फरसबंद करून घेतले होते. जास्वंद गेली, शेवगा गेला, मोरीच्या पाण्यावरची केळ आणि कर्दळ गेली. चिखल नको, कचरा नको, केरसुणी फिरवली की अंगण लख्ख! त्या लख्ख अंगणात मी पाखराची वाट पाहत बसले होते.

त्या पावसाळ्यात भिंतीकडच्या आठ फरश्या मी उचलून घेतल्या. घरातले हसले. जास्वंदीची फांदी लावली, शेवग्याची लावली, मोरीचे पाणी वळवून कर्दळ लावली, कुंडीत डाळिंब लावले. बाटली माळ्यावर टाकली. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी कर्दळ फुलली आणि एका सकाळी "चीविट, चीविट" ऐकू आले. हातातले भांडे तसेच ठेवून मी धावले. शिंजिराची जोडी!

त्यानंतरच्या वर्षी, म्हणजे गेल्या वर्षी, फाल्गुनात मादीने कपडे वाळत घालायच्या तारेच्या टोकाशी घरटे बांधायला घेतले. बांधकाम सगळे तिचे. नर जवळ बसून गाणे म्हणतो. (हंशा) गवताच्या काड्या, सालींचे तुकडे आणि ते सगळे बांधायला कोळ्याचे जाळे. लोंबत्या पिशवीसारखे घरटे, बाजूला दार, आणि दारावर ऊन-पाऊस लागू नये म्हणून पुढे आलेला छज्जा! आत मऊ बिछाना. आपल्या वऱ्हाडात कापसाला काय तोटा? तिने आमच्या वातींच्या डब्यातला कापूससुद्धा नेला. दोन अंडी घातली. ती एकटीच उबवत होती. पंधरवड्याने पिल्ले निघाली, तेव्हा मात्र नरही भरवू लागला. मी कपडे गच्चीवर वाळत घालू लागले.

आणि येथे माझी चूक झाली. जास्वंदीवर पांढरा चिकटा पडला. फुले गळू लागली. मला वाटले, झाड गेले तर पाखरे काय खातील? घरात शेतावरून आलेले कपाशीच्या फवारणीचे औषध उरले होते. मी ते थोडे पाण्यात मिसळून जास्वंदीवर मारले. घरट्याकडे एक थेंबही जाऊ दिला नाही, याचे मला समाधान वाटत होते.

पण पिल्लांना मध पुरत नाही, हे मला तेव्हा नीट ठाऊक नव्हते. अंग भरायला त्यांना किडे, अळ्या, कोळी लागतात. आईबाप दिवसभर तेच वेचून आणतात. कोठून आणत होते? त्याच जास्वंदीवरून. तिसऱ्या दिवशी एक पिल्लू खाली फरशीवर पडलेले सापडले. घरट्यातून दुसऱ्याचा आवाज येईना. मादी चोचीत काहीतरी घेऊन आली, दाराशी लोंबकळली, आत डोकावली, थांबली, आणि पुन्हा गेली. असे ती दोन दिवस करीत होती. मी स्वयंपाकघराचे दार लावून घेतले. मला पाहवेना.

औषधानेच ती गेली, असे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण माझ्या मनाला दुसरे कारण पटत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. धडधाकट माणसाची जेथे ही गत, तेथे नखाएवढ्या पिल्लाची काय कथा? आणि त्याच अंगणात माझी नात खेळते, त्याच भिंतीवर आपण पापड-कुरडया वाळत घालतो, हा विचारही मला पिल्ले गेल्यावर सुचला. आधी सुचला नाही.

यंदा चिकटा पुन्हा पडला. मी काय केले? ओल्या फडक्याने पाने पुसली, फार झाले त्या फांद्या छाटल्या, साबणाचे पातळ पाणी शिंपडले. चार फुले कमी मिळाली, देवाला तेवढी कमी वाहिली. मादी पुन्हा आली. तीच की दुसरी, कोण सांगणार? तिने त्याच तारेवर घरटे बांधले. वैशाखात दोन पिल्ले त्यातून उडाली. मी आणि शेजारच्या आजी, दोघी पाहत होतो. आजी एवढेच म्हणाल्या, "गेली माय, सुखी राहोत."

आता थोडे कामाचे बोलते. ज्यांना बाटलीच टांगायची हौस असेल त्यांनी ती रोज धुवावी. आपल्या अकोल्याकडच्या उन्हात साखरेचे पाणी एका दिवसात आंबते आणि आंबलेले पाणी पाखराला बाधते. त्यापेक्षा झाड लावा. जास्वंद, कर्दळ, शेवगा, केळ, डाळिंब यांपैकी एक पुरे. रानातला पळस फुलतो तेव्हा शिंजीर त्यावर तुटून पडतात, आणि पळसाला बी धरायलाही त्यांचा हातभार लागतो. म्हणजे ते फुकट काही घेत नाहीत. उन्हाळ्यात उथळ परळात स्वच्छ पाणी ठेवा. घरातली जळमटे खुशाल काढा, पण मागच्या भिंतीवरची एखाददुसरी राहू द्या. ती त्यांच्या घराची दोरी आहे. घरटे दिसले तर हात लावू नका, पोरांना उचलून दाखवू नका. लांबूनच पाहा.

आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षिसप्ताह म्हणून पाळतात. ५ तारीख मारुती चितमपल्ली यांच्या जन्माची आणि १२ तारीख डॉ. सलीम अली यांच्या जन्माची. चितमपल्लींनी तर आपल्या विदर्भाच्या जंगलात उमर घालवली आणि पाखरांची मराठी नावे गोळा करून आपल्या हाती दिली. ते २०२५ साली गेले. त्यांच्या नावाने सभा भरवण्याइतकी माझी योग्यता नाही. पण मंडळापुढे एक सूचना ठेवते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण वाण लुटतो. प्लॅस्टिकच्या डब्या आणि गाळण्या आता प्रत्येकीच्या घरी सहा-सहा झाल्या आहेत. येत्या संक्रांतीला आपण जास्वंदीच्या फांद्या वाण म्हणून लुटू. माझ्या झाडाच्या पन्नास फांद्या मी पावसाळ्यातच पिशव्यांत लावून ठेवल्या आहेत, बहुतेक धरल्या. ज्यांचे अंगण फरसबंद आहे त्यांनी एक फरशी उचलावी. एकच! ज्यांना अंगण नाही त्यांनी डब्यात लावावी. मात्र वाण घेणारीने एक शब्द द्यायचा, की त्या झाडावर विषारी औषध मारणार नाही.

मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर आपले गाव वसले आहे. किल्ला आहे, मिर्झा राजा जयसिंगाची छत्री आहे. बाहेरचा पाहुणा आला की आपण त्याला तेच दाखवतो. यापुढे त्याला परसदारीही न्यावे आणि शिंजिराचे घरटे लांबून दाखवावे, असे मला वाटते.

माझी बाटली अजून माळ्यावर आहे. लेक फोनवर विचारते, "आई, येतात का गं पाखरं?" मी म्हणते, "येतात. पण बाटलीवर नाही."