सहा पार्ट बदलले आणि गाडी बिघडली : आरसी टूरिंग कारच्या सेटअपबद्दल

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. "आरसी कार घेतली, आता पहिला अपग्रेड कोणता करू?" आज त्याचंच उत्तर देणार आहे, पण आधी माझी फजिती सांगतो. कारण हे उत्तर मला फुकट मिळालेलं नाही, चांगलं महागात पडलंय.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी थोडक्यात. आरसी टूरिंग कार म्हणजे खऱ्या गाडीच्या साधारण एक दशांश आकाराची, रिमोटवर चालणारी, चारही चाकांना ताकद देणारी, सपाट रस्त्यावर पळणारी गाडी. माझ्याकडे तामियाची टीटी-०२ आहे. २०१३ साली आलेलं हे मॉडेल. मोटरपासून पुढे आणि मागे ताकद शाफ्टने जाते, चेसिस प्लास्टिकची, आणि किट आपणच जोडायचं. जगभर कितीतरी लोक याच गाडीवर शिकतात, त्यामुळे पार्ट भरपूर मिळतात. आणि तिथेच माणूस फसतो.

झालं असं, की आम्ही चार-पाच मित्र पुण्यात रविवारी सकाळी एका रिकाम्या पार्किंगमध्ये कोन लावून ट्रॅक करतो. पाच मिनिटांची रेस. जो जास्त लॅप मारेल तो जिंकला. माझी सरासरी लॅप १५.२ सेकंदांची होती. शेवटून दुसरा नंबर. मग बोनस आला आणि मी एका झटक्यात सहा गोष्टी मागवल्या : बॉल बेअरिंग, ऑइल डँपर, ॲल्युमिनियमचा स्टिअरिंग सेट, ॲल्युमिनियमचा शाफ्ट, लांबी कमीजास्त करता येणारे वरचे आर्म, आणि १३.५ टर्नची ब्रशलेस मोटर तिच्या स्पीड कंट्रोलरसकट. किटच्या किमतीच्या जवळपास दुप्पट पैसे गेले. रोज एक पार्सल. आई शेवटी म्हणाली, "अरे, खेळण्यातली गाडी आहे की खरी?"

एका शनिवारी रात्री बसून सगळं बसवलं. रविवारी पळवली. सरासरी १५.६.

हो, बरोबर ऐकलंत. गाडी हळू झाली! सरळ रस्त्यावर वेग तुफान, पण उजवीकडे वळताना मागची बाजू गर्रकन फिरायची आणि डावीकडे वळताना गाडी वळायचीच नाही, पुढे सरकत जायची. माझ्या एका मित्राची गाडी किटच्याच मोटरवर होती, त्याने फक्त बेअरिंग बदलले होते. त्याने मला दोन लॅपने मागे टाकलं.

पुढचे तीन रविवार मी काय केलं? टायर बदलले. स्टिअरिंगचं ट्रिम फिरवलं. डिफरन्शियल उघडून ग्रीस बदललं. काहीच फरक नाही. आता मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. एखाद्या ज्युनिअरने सहा बदल एकाच कमिटमध्ये टाकले आणि नंतर "काय बिघडलं कळत नाही" म्हणाला, तर मी त्याला काय सुनावीन! आणि घरी मी स्वतः तेच केलं होतं. शेवटी ठरवलं, विकून टाकू. जाहिरातीसाठी फोटो काढायला गाडी खाली सोसायटीच्या बाकावर ठेवली.

तिथे आमच्या बिल्डिंगमधले एक काका बसले होते. चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये उभी हयात गेली, आता रिटायर. आरसी कार त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. त्यांनी विचारलं, "का विकतोस?" मी सगळं रामायण सांगितलं. काकांनी एकच प्रश्न विचारला.

"मोजलंस का?"

"काय मोजायचं काका?"

"काहीही. तू सांगतोयस ते सगळं वाटण्याचं आहे. आकडा एकही नाही."

मग त्यांच्या घरी गेलो. त्यांनी टीपॉयची जाड काच खाली फरशीवर घेतली, ती हलत नाही ना बघितलं, आणि गाडी बॅटरीसकट तिच्यावर ठेवली. कपाटातून ड्रिलचा संच काढला. ५ मिमीच्या ड्रिलची मागची गुळगुळीत बाजू चेसिसखाली सरकवून बघायला लागले. पुढे दोन्हीकडे बेताची घासून गेली. मागे उजवीकडेही तशीच. मागे डावीकडे मात्र ती सैल, आणि ६ मिमीचीसुद्धा गेली.

ही जी जमिनीपासून चेसिसची उंची आहे, तिला राइड हाइट म्हणतात. डांबरावर टूरिंग कारसाठी ५ मिमीच्या आसपास ठेवतात, रस्ता खडबडीत असेल तर थोडी जास्त. पण आकड्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे डावी-उजवी बाजू सारखी हवी.

मग मी इंटरनेटवर वाचलेली एक चाचणी केली. चेसिसच्या पुढच्या टोकाच्या बरोब्बर मध्यभागी स्क्रूड्रायव्हरचं टोक लावून गाडी हळूहळू उचलायची. पुढची दोन्ही चाकं एकाच वेळी काचेवरून सुटली पाहिजेत. माझं डावं चाक आधी सुटलं. याचा अर्थ दोष मागच्या बाजूला आहे. कारण पुढून मध्यावर उचलली की गाडी डावी-उजवीकडे किती झुकेल, हे मागच्या दोन स्प्रिंगच ठरवतात. तसंच मागून उचलून बघितलं तर पुढचा दोष कळतो.

मागचे डँपर काढले. डाव्या स्प्रिंगवर जाड स्पेसर, उजव्यावर पातळ. फरक जेमतेम १ मिमीचा! शनिवारी रात्री, झोपेच्या तंद्रीत, मीच बसवलेले. त्या १ मिमीमुळे मागचं डावं आणि पुढचं उजवं चाक जास्त वजन घेत होतं आणि उरलेली दोन कमी. वजन असं तिरकं बसलं की गाडी एका वळणाला फिरते आणि दुसऱ्या वळणाला सरकते. म्हणजे माझी तक्रार तंतोतंत. आणि मी तीन आठवडे टायरला शिव्या देत होतो.

काका हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "पार्ट चांगले आहेत रे. बसवणारा घाईत होता."

त्या दिवशी जाहिरात टाकलीच नाही. मी काय केलं, तर किटची मूळ मोटर परत लावली आणि एक वही केली. नियम एकच : एका रविवारी एकच बदल. आधी दहा लॅप, मग बदल, मग दहा लॅप. सर्वात वेगवान लॅप नाही, सरासरी लिहायची. का, ते बघा. १५.६ च्या सरासरीने पाच मिनिटांत, म्हणजे ३०० सेकंदांत, १९ लॅप पूर्ण होतात. १४.७ ने २०. एखादी लॅप १३.९ ची मारली आणि पुढच्या लॅपला कोनवर जाऊन आदळलात, तर त्या १३.९ चं लोणचं घालायचं का?

तर आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर, क्रमाने.

पहिलं, बॉल बेअरिंग. किटमध्ये बऱ्याचदा साधे बुश येतात, त्यांत घर्षण जास्त आणि धूळ गेली की झिजतात. या गाडीत मुख्यतः ११५० मापाचे लागतात, म्हणजे बाहेरून ११, आतून ५ आणि जाडी ४ मिमी.

दुसरं, ऑइल डँपर. किटमधल्या घर्षणावर चालणाऱ्या डँपरने गाडी उसळत राहते. बसवताना चारही डँपर पूर्ण उघडून व्हर्नियरने लांबी मोजा, डावा-उजवा सारखा हवा. त्या लांबीवर चाक किती खाली लोंबेल ते ठरतं. आणि स्पेसर बघा, माझी शपथ!

तिसरं, टायर. टूरिंग रबर टायरवर २४, २८, ३२, ३६ असे अंक दिसतात. साधारणपणे अंक मोठा, तर टायर जास्त तापलेल्या रस्त्यासाठी. मे महिन्यातलं पुण्याचं डांबर आणि जानेवारीतली सकाळ, दोन्हीला एकच टायर चालणार नाही. आणि टायर घ्यायच्या आधी ट्रॅक झाडा. झाडू हा सगळ्यात स्वस्त अपग्रेड आहे, हे मी वहीतल्या आकड्यांवरून सांगतोय.

चौथं, चाकांचे कोन. चाकाचा वरचा भाग आत झुकलेला, म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर, एक ते दोन अंश. मागची चाकं पुढच्या बाजूने आत वळलेली, म्हणजे टो-इन, दोन ते तीन अंशांपर्यंत. त्याने मागची बाजू शांत राहते.

पाचवं, डिफरन्शियल. पुढच्यात घट्ट ग्रीस भरलं की वळणातून बाहेर पडताना आतलं हलकं झालेलं चाक नुसतंच फिरत राहत नाही.

आणि सगळ्यात शेवटी मोटर आणि गिअर. किटमध्ये ७० दातांचा स्पर आणि २२ चा पिनियन. ७० भागिले २२, गुणिले आतलं गुणोत्तर २.६, म्हणजे ८.२७. पिनियन २५ चा लावला तर ७.२८. वेग वाढेल, पण मोटरवर ताणही वाढेल. म्हणून प्रत्येक बदलानंतर मोटरचं तापमान बघा. मी ७० अंशांच्या पुढे जाऊ देत नाही.

एक गोष्ट मात्र गंमत म्हणून घेऊ नका. लिपो बॅटरी. दोन सेलची पूर्ण चार्ज म्हणजे ८.४ व्होल्ट, त्यापुढे नाही. आठवडाभर ठेवायची असेल तर सेलमागे ३.८ च्या आसपास आणून ठेवा. फुगलेली बॅटरी परत वापरायची नाही. आणि चार्जिंगला लावून झोपायचं तर अजिबात नाही. हरलेली रेस पुढच्या रविवारी परत मिळते, घराला लागलेली आग परत मिळत नाही.

माझं सध्या काय चाललंय? सरासरी १४.७ वर आली, किटच्याच मोटरवर. ब्रशलेस अजून डब्यात आहे, तिची पाळी वहीत पुढे आहे. ज्या मित्राने दोन लॅपने हरवलं होतं, त्याच्या पुढे मी अजून गेलेलो नाही. पण आता मागे का आहे ते मला माहीत असतं. कधीकधी कारण मी स्वतः असतो, माझा अंगठा!

आणि काका? ते दर रविवारी येतात. रिमोटला हात लावत नाहीत. खुर्ची टाकून बसतात आणि वही त्यांच्याकडे असते. मी धावत जाऊन म्हटलं, "काका, आज गाडी मस्त वाटतेय," की चष्म्यावरून बघतात.

"वाटतेय काय? आकडा सांग."

तर मंडळी, पार्ट मागवायच्या आधी एक काच, एक ड्रिलचा संच आणि एक वही घ्या. तुमचे आकडे मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि स्पेसर तपासा!