विसर पडू नये म्हणून



दिंडीला शंभर वर्षं झाली. सोहळ्यात प्रत्येकाने एकेक विषय घ्यायचा ठरलं. आम्हाला सांगितलं, "बुवा, तुम्ही म्हातारपणातल्या विसराळूपणावर बोला." आम्ही चौथी शिकलेलो. नांगर धरलेले हात आणि कीर्तनाला उभे राहणारे पाय, एवढंच आमचं भांडवल. तरी हो म्हणालो, कारण आम्हाला तुमच्यापुढे एक शब्द परत घ्यायचा आहे.

पाच वर्षांपूर्वी ह्याच मंडपात, सप्ताहात, आम्ही कीर्तनात बोलून गेलो की, ज्याच्या मुखी अखंड नाम आहे त्याची बुद्धी म्हातारपणी फिरत नाही. टाळ्या पडल्या. कीर्तन झाल्यावर मंडळी पाया पडून गेली. आमच्या थोरल्या वहिनी मात्र खांबापाशी उभ्याच राहिल्या. सगळे गेल्यावर हळूच म्हणाल्या, "भावजी, मग ह्यांचं नाम कुठं कमी पडलं, तेवढं सांगा."

आमच्याकडे उत्तर नव्हतं.

ह्यांचं म्हणजे आमच्या दादांचं. तुम्ही सगळे त्यांना ओळखता. बावीस वर्षं ह्या दिंडीची वीणा त्यांच्या गळ्यात होती. काकड्यापासून शेजारतीपर्यंत सगळं पाठ, वही कधी लागली नाही. त्यांना पहिल्यांदा काय झालं, तर त्यांनी हिशेब चुकवला. मग पाणी सोडलेलं विसरले, रात्रभर बांध फुटून वाहिला. आम्ही हसलो. साठी बुद्धी नाठी म्हणालो. पुढच्या वारीत चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं आणि गर्दीत दादा दिसेनासे झाले. तरडगावच्या तळावर समाज आरतीच्या वेळी हरवल्या-सापडल्याचं पुकारतात, तिथे त्यांचं नाव पुकारलं तेव्हा सापडले. दुसऱ्याच एका दिंडीत बसले होते. तिथले टाळकरी म्हणाले, "माऊली, बाबांनी आम्हाला अख्खा हरिपाठ म्हणून दाखवला, एक अक्षर चुकलं नाही. पण गाव कोणतं, दिंडी कोणती विचारलं तर नुसते हसतात."

मग तालुक्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी डोक्याचा फोटो काढला. म्हणाल्या, "ह्याला स्मृतिभ्रंश म्हणतात, डिमेन्शिया. मेंदूतल्या बारीक बारीक रक्तवाहिन्या बंद पडल्या आहेत. ह्यांना बीपी होतं का?"

होतं. त्याच्या सात वर्षं आधी शिबिरात गोळी दिली होती. ती बंद कुणी करायला लावली? आम्ही. आम्हीच म्हणालो होतो, "दादा, पायी वारी करणाऱ्याला कसलं बीपी? गोळी एकदा लागली की जन्माची लागते." त्या एका गोळीमुळेच झालं असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या नाहीत. वय असतं, घराण्याचं असतं, बरंच काही असतं. पण आमच्या मनातून ते जात नाही.

तेव्हा संतमंडळी, आम्ही पाच वर्षांपूर्वीचा तो शब्द आज परत घेतो. नाम हे देवासाठी आहे. मेंदू हा देहाचा भाग आहे, आणि देहाला देहाचे नियम लागतात. ज्याला हा आजार झाला त्याची भक्ती कमी पडली, असं पुन्हा कुणी म्हणू नये.

आता आजाराचं सांगतो. आमची नात नर्सिंग शिकते, तिने आम्हाला वाचून समजावलं. डिमेन्शिया हा एकच आजार नाही. त्यातला सगळ्यात जास्त आढळणारा अल्झायमर. जर्मनीतल्या आलॉइस अल्झायमर ह्या डॉक्टरांनी तो १९०६ साली पहिल्यांदा मांडला. दुसरा रक्तवाहिन्यांचा, दादांना झाला तो. पुष्कळांना दोन्ही मिळून होतात. आपल्या देशात साठीच्या पुढच्या शंभर माणसांत सुमारे सात जणांना हा आजार आहे, सगळे मिळून ८८ लाखांच्या आसपास. आणि आपण समजतो हा शहरातल्यांचा रोग. तर पाहणीत तो शहरापेक्षा खेड्यात जास्त निघाला, आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. म्हणजे हा आपल्या दिंडीतलाच विषय आहे.

'लॅन्सेट' नावाचं डॉक्टर लोकांचं मोठं नियतकालिक आहे. त्यांच्या जाणकारांनी २०२४ साली चौदा कारणं मांडली, जी माणसाच्या किंवा सरकारच्या हातात आहेत. ती सगळी आवरली तर शंभरातले पंचेचाळीस आजार टळतील किंवा लांबतील, असा त्यांचा अंदाज आहे. बाकीचे पंचावन्न नाही टळत, हेही ध्यानात ठेवा. हमी कुणालाच नाही. पण पेरणी करताना तरी पावसाची हमी कुठे असते? आपण रान तयार ठेवतो.

हे ऐकलं आणि आमच्या मनात आलं की ह्यातली निम्मी औषधं आपल्या पूर्वजांनी वारीतच बांधून दिली आहेत. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर चालणं. दिवसभर माणसांत राहणं. ऐकणं, म्हणणं, आठवणं. पंगतीत चार घास साधं खाणं. पण वारी वीस दिवसांची. द्वादशी सोडली, घरी आलो, की उरलेले तीनशे पंचेचाळीस दिवस आपण काय करतो? पाराला टेकून बसतो. मेंदूला वारी वर्षभर लागते.

म्हणून पहिली गोष्ट, चालणं. आठवड्याला निदान दीडशे मिनिटं, दम लागेल पण बोलता येईल असं. आता फवारणीला पंप, नांगरटीला ट्रॅक्टर, देवळात जायला मोटारसायकल. शेतकरी आहोत म्हणून आपण चालतो, हा जुना हिशेब झाला. आणि मोटारसायकलवर बसायचंच तर हेल्मेट घाला. डोक्याला बसलेला जबर मार हेही त्या चौदातलं एक कारण आहे.

दुसरं, पाठांतर. जुनं म्हणत राहणं चांगलंच, पण जुनं आता जिभेवर बसलंय, त्याला डोकं लागत नाही. नवीन काही शिका. आम्ही एकादशी ते एकादशी एक नवा अभंग चालीसकट पाठ करतो. सुरुवातीला राग येतो, सकाळचं संध्याकाळी आठवत नाही. तरी करतो. शाळा चौथीत सुटली, शिकणं कशाला सोडायचं? लेकरांची शाळा सोडवू नका, मुलींची तर नाहीच. लहानपणी कमी शिक्षण हेही एक कारण त्यांनी मांडलंय.

तिसरं, माणसं. एकटेपणा आणि मनाची उदासी, दोन्ही मेंदूला पोखरतात. नवरा गेला की बाई कोपऱ्यात बसते, भजनाला येत नाही. कुणी चौकशी करत नाही. तिला हाताला धरून आणा. आणि मन फारच खचलं असेल तर डॉक्टरला दाखवा, त्यात लाज नाही.

आता जे वारीत मिळत नाही ते सांगतो.

कान. आपले किती टाळकरी कानाने कमी झालेत? आपण त्यांना बहिरोबा म्हणतो. मग ते बोलणं सोडतात, माणसांतून उठतात. ऐकू कमी येणं हे मोठं कारण आहे. कान तपासा, मशीन लागलं तर लावा. आणि मांडवातले कर्णे जरा कमी करा. देव बहिरा नाही. तसेच डोळे. मोतीबिंदू पिकायची वाट बघत बसू नका.

बीपी आणि साखर. उपकेंद्रात तिशीच्या पुढच्यांची तपासणी फुकट होते. चाळिशीपासूनच बीपीचा वरचा आकडा १३० किंवा त्याच्या आत राहिलेला बरा असं सांगतात. आपला किती हवा ते डॉक्टरला विचारा. गोळी बरं वाटलं म्हणून बंद करू नका. रक्तातली चरबीही तपासा. भाकरी, पालेभाजी, कडधान्य हे आपलंच जेवण आहे. पापड-लोणच्याचं मीठ आवरा. एकादशीला साबुदाणा, बटाटा आणि वर गोड चहा पाच वेळा, ह्याला उपास म्हणत नाहीत. साखरेच्या रोग्याने उपास डॉक्टरला विचारूनच करावा.

आणि तंबाखू. माळ घातली तेव्हा दारू सुटली, फार चांगलं. पण कोपरीच्या खिशातली चंची? विड्या तर पाण्यात टाका. मायबहिणींनो, मिश्रीही तंबाखूच आहे. आम्ही स्वतः तीस वर्षं तंबाखू खाल्ली, सोडून चार वर्षं झाली. पहिले पंधरा दिवस कीर्तनात पाय लटपटले. मग सुटली.

विसराळूपणा कधी दाखवायचा? टाळ कुठे ठेवले ते विसरणं वेगळं, आणि टाळ हातात घेऊन हे काय आहे विचारणं वेगळं. रोजची वाट चुकणं, पैशाचा हिशेब न जमणं, तेच तेच विचारणं, स्वभाव एकदम पालटणं, असं दिसलं की देवऋष्याकडे नेऊ नका. बी-बारा जीवनसत्त्व कमी पडलं, थायरॉइड बिघडला, तरी विसर पडतो, आणि तो उपचाराने सुधारू शकतो. दाखवल्याशिवाय कसं कळणार?

गेल्या वर्षी आपण देवळात एकादशीच्या भजनाआधी नर्सताईंना मशीन घेऊन बसवायला लागलो. पहिल्याच दिवशी सगळ्यांत मोठा आकडा निघाला तो आमचाच, १६८. काही दुखत नव्हतं, काही खुपत नव्हतं. आता रोज सकाळी काकडा झाला की गोळी घेतो. घेताना दादा आठवतात. शंभराव्या वर्षी आमचं दिंडीला एवढंच मागणं आहे की, ही एकादशीची तपासणी बंद पडू देऊ नका. आणि वारीत साठीच्या पुढच्या प्रत्येकाच्या गळ्यात गावाचं नाव, दिंडीचा नंबर आणि घरचा फोन लिहिलेली चिठ्ठी असावी.

दादा आज पुढे बसलेत. वहिनींनी त्यांना पटका बांधून आणलंय. आम्ही त्यांचे कोण, हे त्यांना सांगता येणार नाही. वीणा त्यांच्याकडून आम्हीच काढून घेतली होती, सांभाळणार नाहीत म्हणून. तीही चूकच झाली. आता संध्याकाळच्या भजनात त्यांना शेजारी बसवतो, हातात टाळ देतो. गाव आठवत नाही, ठेका चुकत नाही.

वहिनी, त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं. उत्तर द्यायला आम्हाला पाच वर्षं लागली. दादांचं नाम कुठेच कमी पडलं नाही. आमची अक्कल कमी पडली.