अध्यापक विद्यालयांची आत्मपरीक्षा

परीक्षा कशी घ्यावी हे शिकविणारी अध्यापक विद्यालये स्वतःची परीक्षा कशी घेतात, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. १९९४ साली स्थापन झालेल्या बेंगळूरच्या राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने त्यासाठी एक क्रम घालून दिला: प्रथम संस्थेने सात निकषांवर आपला स्वयंमूल्यमापन अहवाल लिहावा व मागाहून बाहेरील तज्ज्ञांनी तो पडताळावा. ग्रंथालय, संशोधन, कारभार यांची उत्तरे दप्तरातून देता येतात. अध्यापनाचे उत्तर मात्र वर्गातच शोधावे लागते.

२०१५ साली बी.एड.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला व त्यात शाळेतील अनुभवास किमान २० आठवडे नेमले गेले. बेळगाव-निपाणी भागात या काळात छात्राध्यापकाची विशेष कसोटी लागते. कन्नड शाळेत घरी मराठी बोलणारे मूल असते, मराठी शाळेत घरी कन्नड बोलणारे. पाठटाचण निर्दोष असते, फळ्यावरील अक्षर सुबक असते, निरीक्षक चांगले गुण देतात. आणि ते मूल भाषेच्या अडचणीने सबंध तासभर मुके राहते. गुणपत्रिकेत त्याची नोंद कोठेच होत नाही.

म्हणून सरावपाठानंतर त्या मुलाला काय उमगले, हे संस्थेने विचारावे. आपले माजी विद्यार्थी शिकवीत असलेल्या वर्गांत जाऊन पाहावे आणि आढळलेली उणीव अहवालात स्पष्ट लिहावी. श्रेणी घसरण्याच्या भयाने ती झाकली, तर तिचे मोल पुढे तीस वर्षे त्या शिक्षकाच्या हाताखालील मुलांना द्यावे लागते.